दृष्टिकोन बदलला, की विचारण्याची पद्धत बदलली?

सामाजिक शास्त्रांतल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य हमखास सापडतं: ‘पूर्वी समाज मानसिक आजाराकडे अंधश्रद्धेच्या नजरेतून पाहत असे, शिक्षण आणि जनजागृतीमुळे आता हा दृष्टिकोन बदलत आहे.’ समाजशास्त्र, मानसशास्त्र, समाजकार्य, नर्सिंग, कुठलाही विभाग घ्या, पहिल्या दोन पानांत हे वाक्य भेटतंच. खाली संदर्भ असतो तो दुसऱ्या कुणाच्या प्रबंधाचा, आणि त्या प्रबंधात तिसऱ्या कुणाचा.

आज याच वाक्याबद्दल बोलायचं आहे. ते चूक आहे असं मी म्हणत नाही. ते तपासलेलं नाही, एवढंच म्हणतोय. पूर्वी म्हणजे कधी? समाज म्हणजे कोण? आणि ‘दृष्टिकोन’ तर कुणाच्या कपाळावर लिहिलेला नसतो, मग तो आपल्याला कळला कशावरून? व्हायव्हाला बसलेल्या परीक्षकाने हे तीन प्रश्न विचारले तर उत्तर काय द्याल, याची तयारी आत्ताच केलेली बरी.

उदाहरणासाठी मी एकच जिल्हा घेतो, नगर. शंभर-सव्वाशे वर्षांत ‘वेडा कोण आणि त्याचं काय करायचं’ याबद्दल या एका जिल्ह्यात चार अगदी वेगळ्या प्रकारचे कागद सापडतात: एक पोथी, एका डॉक्टरने लिहिलेलं पुस्तक, कायदे (ते देशभराचे असले तरी इथेही लागू होतेच) आणि एक सर्व्हे. हे चारही समोर ठेवले की ‘बदल’ या शब्दाची खरी अडचण दिसते.

त्याआधी एक व्यवहाराची सूचना. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण यातला जवळपास प्रत्येक कागद ‘अहमदनगर’ या नावाखालीच सापडेल. शोध घेताना दोन्ही नावं टाका.

पहिला कागद: साईसच्चरित

गोविंद रघुनाथ दाभोलकर, म्हणजे हेमाडपंत, यांनी ओवीबद्ध लिहिलेला हा ग्रंथ १९३० मध्ये पुस्तकरूपाने आला. साईबाबांचं निर्वाण १९१८ चं. शिर्डीतल्या सुरुवातीच्या दिवसांत गावकरी त्यांना वेडा फकीर समजत, हे बाबांच्या चरित्रपरंपरेत कुठेही लपवलेलं नाही. रानात भटकणारा, कुणाशी धड न बोलणारा, मशिदीत दिवे लावत बसणारा माणूस. आज एखाद्या गावात असा तरुण आला तर लोक काय म्हणतील, हे वेगळं सांगायला नको.

मग तो वेडा नसून संत आहे हे ठरलं कसं? ग्रंथात त्याचा एक क्रम दिसतो. पुणतांब्याचे गंगागीर येतात आणि सांगतात की हे रत्न आहे. येवल्याच्या मठातले आनंदनाथ येतात आणि हा हिरा असल्याचं सांगतात. म्हणजे आधीच मान्यता असलेल्या माणसांनी दाखला दिला, मग गावाची नजर बदलली. ‘पूर्वी लोक वेड्यांना देव मानायचे’ हे वाक्य जसंच्या तसं इथे टिकत नाही. लोक वेड्याला वेडाच मानत होते. दाखला मिळालेल्याला ते वेगळं मानू लागले.

संशोधनासाठी पोथी वापरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. चरित्र लिहिलं जातं तेच मुळी संत ठरलेल्या माणसाचं. त्याच काळात नगर जिल्ह्याच्या वाटांवर दुसरेही भ्रमिष्ट लोक हिंडत असणार, त्यांचं सच्चरित कुणी लिहिलं नाही. त्यामुळे ‘परंपरा वेडाला सामावून घेत होती’ असा निष्कर्ष पोथ्यांवरून काढणं म्हणजे फक्त पास झालेल्या मुलांना विचारून परीक्षा सोपी होती असं ठरवणं.

पण या ग्रंथात माझ्या मते सगळ्यात मोलाची माहिती बायजाबाईंच्या प्रसंगात आहे. तात्या कोते पाटलांच्या या आई डोक्यावर भाकरी-भाजीची पाटी घेऊन काट्याकुट्यांतून मैलोनमैल फिरत, त्या फकिराला शोधून काढत आणि जेवू घालत. पोथी याला भक्ती म्हणते. तुम्ही संशोधक म्हणून वाचाल तेव्हा आणखी एक गोष्ट दिसेल: गावाच्या लेखी हा माणूस अजून वेडाच आहे आणि तरी एक बाई त्याच्या जेवणाची जबाबदारी घेते. म्हणजे गावाने त्याला काय म्हटलं आणि गावातल्या एका बाईने त्याच्यासाठी काय केलं, या दोन वेगळ्या नोंदी आहेत. आपल्या सिनॉप्सिसमधलं वाक्य फक्त पहिली नोंद वाचतं.

दुसरा कागद: ‘द वेफेअरर्स’

हे पुस्तक विल्यम डाँकिन या इंग्रज डॉक्टरचं. १९४८ मध्ये ते नगरमधूनच, आदि इराणी यांनी प्रकाशित केलं. विषय: मेहेरबाबा आणि ‘मस्त’, म्हणजे ईश्वरप्रेमात बेभान झालेली माणसं. अरणगावजवळचं मेहेराबाद तुम्हाला माहीत असेल. पण या कामाची सुरुवात राहुरीत झाली, हे जिल्ह्यातल्याही अनेकांना माहीत नसतं. १९३६ मध्ये मेहेरबाबांनी राहुरीत वेड्यांसाठी आश्रम काढला. रस्त्यावर फिरणारी माणसं शोधून तिथे आणली जात. मेहेरबाबा स्वतः त्यांना आंघोळ घालत, भरवत. पुढे हे काम मेहेराबादला हललं आणि त्यानंतर देशभर मस्तांच्या शोधात प्रवास झाले.

डाँकिन यांचं पुस्तक वाचताना एक चमत्कारिक अनुभव येतो. विषय गूढवादाचा, पण लिहिण्याची पद्धत केसपेपरची. कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कोणता मस्त भेटला, त्याचं राहणं कसं, कपडे कसे, सवयी काय, तो ‘जलाली’ म्हणजे तापट की ‘जमाली’ म्हणजे सौम्य, याच्या याद्याच्या याद्या आणि सोबत नकाशे. अव्वल दर्जाचं क्षेत्रकार्य म्हणावं असं हे काम आहे. ते कुठल्या विद्यापीठाने करवून घेतलेलं नाही, म्हणून आपल्या लिटरेचर रिव्ह्यूमध्ये ते येत नाही, इतकंच.

मात्र पुस्तकाचा कणा असलेला प्रश्न डाँकिन स्वतः सोडवत नाहीत. मस्त आणि साधा मनोरुग्ण बाहेरून सारखेच दिसू शकतात. दोघंही कचऱ्यात बसतील, दोघंही असंबद्ध बोलतील. मग फरक कुणी करायचा? पुस्तकाचं उत्तर सरळ आहे: मेहेरबाबांनी. वर्गीकरण त्यांचं, डॉक्टरची भूमिका नोंद ठेवणाऱ्याची. म्हणजे इथेही दाखलाच, आणि तो तपासण्याची सोय वाचकाकडे नाही. श्रद्धावानाला याची अडचण वाटणार नाही. पण तुम्ही हे पुस्तक ‘१९४० च्या दशकात लोक वेडाकडे कसे पाहत’ याचा पुरावा म्हणून वापरणार असाल, तर ते लोकांबद्दल कमी आणि एका गुरूच्या वर्गीकरणाबद्दल जास्त सांगतं, हे तळटीपेत लिहावं लागेल.

माझी या पुस्तकावरची खरी तक्रार वेगळी आहे. राहुरीत आंघोळ वेड्यालाही मिळत होती आणि मस्तालाही. काम जसजसं पुढे गेलं तसतशी नजर मस्तांवर स्थिरावली. दहा-बारा वर्षांनी पुस्तक आलं तेव्हा सविस्तर नोंदी मस्तांच्याच राहिल्या. केवळ आजारी असलेला माणूस, ज्याच्या आजाराला काही दिव्य अर्थ नव्हता, तो यादीतून मागे पडला. पोथीत जे झालं तेच इथे पुन्हा झालेलं दिसतं.

तिसरा कागद: कायदा

आता म्हणाल, पोथी आणि गुरूचं पुस्तक सोडा, सरकारी कागद तरी निःपक्षपाती असेल. बघूया.

१९१२ च्या भारतीय वेडेपणा कायद्याप्रमाणे माणसाला वेड्यांच्या इस्पितळात भरती करायचं तर नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. मोकाट फिरणारा वेडा पोलीस अधिकाऱ्याला दिसला तर त्याला अटक करता येत असे. तो धोकादायक वाटला तर अटक करणं भागच होतं. १९८७ चा मानसिक आरोग्य कायदा (प्रत्यक्ष लागू झाला १९९३ मध्ये) ‘अटक’ शब्द काढून ‘संरक्षणात घेणे’ म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आणखी पुढे जातो. माणूस स्वतःच्या उपचाराबद्दल निर्णय घेऊ शकतो असं तो आधी गृहीत धरतो, साखळीने बांधण्याला बंदी घालतो आणि पोलिसांनी संरक्षणात घेतलेल्या व्यक्तीला २४ तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायला सांगतो.

अटक, संरक्षण, हक्क. तीन शब्दांत शंभर वर्षांचा प्रवास. सिनॉप्सिसमधल्या वाक्याला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो, आणि कायद्याच्या भाषेपुरता तो आहेही. पण कायदा समाजाचा दृष्टिकोन नोंदवत नाही. समाजाने कसं वागावं असं संसदेला वाटतं, ते तो नोंदवतो. हे दोन एक असते तर २००१ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या एरवाडीत दर्ग्याजवळच्या झोपड्यांत साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून मेले नसते. तेव्हा १९८७ चा कायदा लागू होऊन आठ वर्षं झाली होती.

आपल्या राज्याचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही इथे वाचण्यासारखा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने किंवा साखळीने बांधणं, मारणं हा त्यात गुन्हा आहे. त्याच्या अनुसूचीत आणखी एक कलम आहे: मतिमंद व्यक्तीत अलौकिक शक्ती असल्याचं भासवून तिचा धंद्यासाठी वापर करणं. हे कलम फसवणुकीबद्दल आहे, राहुरीच्या आश्रमाबद्दल नाही, हे स्पष्ट करून ठेवतो. तरी वेड आणि दिव्यत्व यांच्यात दाखला देण्याचा जो अधिकार पूर्वी फक्त धर्माच्या क्षेत्रात होता, त्यात आता फौजदारी कायदाही आला आहे, हे या एका ओळीतून कळतं.

आणि इस्पितळाच्या नोंदी? राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालयं चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. नगरला एकही नाही. मग तिथल्या रजिस्टरमध्ये नगरचा माणूस सापडणार तो कुणीतरी अर्ज करून, गाडीभाडं खर्चून नेलेला, किंवा पोलिसांनी पोहोचवलेला. ‘याला येरवड्याला पाठवा’ असं चेष्टेत म्हणणारे हजारो. प्रत्यक्ष घेऊन जाणारे किती?

चौथा कागद: जामखेडचा सर्व्हे

आता आपल्या रोजच्या कामाच्या सगळ्यात जवळचा कागद. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्य सेविका करण्याची त्यांची पद्धत जगभर अभ्यासली गेली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. याच प्रकल्पाच्या साथीने मिशेल केरमोड, शोभा आरोळे, अँथनी जॉर्म आणि सहकाऱ्यांनी २००७ च्या अखेरीस मानसिक आरोग्याच्या जाणिवेचा सर्व्हे केला. त्यावरचे पेपर २००९ आणि २०१० मध्ये आले. तुमचा विषय याच्या आसपासचा असेल तर ते वाचल्याशिवाय सिनॉप्सिस देऊ नका.

पद्धत अशी. २४० गावकरी आणि ६० आरोग्य सेविका. प्रत्येकाला दोन छोट्या गोष्टी सांगायच्या: एकीतल्या माणसाला नैराश्याची लक्षणं, दुसरीतल्याला सायकोसिसची. आजाराचं नाव सांगायचं नाही. मग विचारायचं: याला काय झालंय, कशामुळे झालं असेल, काय केलं तर बरं वाटेल आणि तुम्ही याच्याशी कसे वागाल? शेवटच्या भागात ‘सामाजिक अंतर’ मोजतात: असा माणूस शेजारी राहायला आला तर चालेल का, मैत्री कराल का, सोबत काम कराल का, घरात सोयरीक कराल का.

निष्कर्षांतल्या दोन गोष्टींनी मला थांबवलं.

पहिली: आजाराच्या कारणांत लोकांनी भर दिला तो सामाजिक आणि आर्थिक गोष्टींवर. भूतबाधेसारखी अलौकिक कारणं फारशी मान्य झाली नाहीत, आणि मेंदूतला बिघाड, आनुवंशिकता असली जैविक कारणंही फारशी मान्य झाली नाहीत. हे नीट बघा. आपलं वाक्य असं गृहीत धरतं की एका टोकाला अंधश्रद्धा आहे, दुसऱ्या टोकाला विज्ञान आणि समाज पहिल्याकडून दुसऱ्याकडे निघालाय. जामखेडच्या लोकांनी या दोन्ही टोकांकडे पाठ फिरवली. बायका, बेरोजगार आणि गरीब यांना हा त्रास होण्याचा धोका जास्त, असंही त्यांनी सांगितलं. याला ‘अज्ञान’ म्हणायचं का? दारिद्र्य आणि मानसिक आजार यांचा संबंध तर संशोधकही सांगतात.

दुसरी: पाश्चात्त्य अभ्यासांत साधारण असं मानतात की आजाराला ‘स्वभावातला कमकुवतपणा’ समजणारे लोक रुग्णाला दूर ठेवतात. इथे उलटं निघालं. हा कमकुवतपणा आहे असं म्हणणारे अंतर कमी ठेवायला तयार होते. दूर ठेवण्याशी घट्ट संबंध दिसला तो ‘हा माणूस धोकादायक आहे’ या समजुतीचा.

असं का? माझा अंदाज भाषेत आहे. ‘मनाने खचला’, ‘मनाने कमकुवत आहे बिचारा’ असं मराठीत म्हणताना आपण त्या माणसाला दोष देत नाही, त्याची कीव करतो. इंग्रजी प्रश्नावलीत याच अर्थाचा शब्द ठपका ठेवणारा आहे. शब्दाचं भाषांतर झालं, पण त्यातली नजर बदलली. हा माझा अंदाज आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण तपासता येण्यासारखा आहे, आणि कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या.

आता टीका. हे पेपर चांगले आहेत, म्हणूनच त्यांच्या मर्यादा नेमक्या सांगता येतात.

एक, उत्तरं देणारे लोक कोण? ज्या भागात आरोग्य प्रकल्प १९७० पासून काम करतोय, तिथले. आरोग्याच्या कामासाठी आलेल्या माणसाला ‘करणी केलीय’ असं तोंडावर सांगायला माणूस कचरणारच. त्यात महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ दशकानुदशकं चाललेली. कोणतं उत्तर शहाणपणाचं समजलं जातं, हे खेड्यातल्या माणसाला पक्कं ठाऊक असतं.

दोन, शब्द कोणता वापरला यावर उत्तर ठरतं. ‘भूतपिशाच्च’ विचारलं तर माणूस हसून नाही म्हणेल. ‘काही बाहेरचं असेल का?’ विचारलं तर तोच माणूस क्षणभर थांबेल. आपल्याकडे ‘बाहेरचं’, ‘अंगात येणं’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’, ‘टेन्शन’, ‘भ्रमिष्ट’, ‘वेडसर’ हे शब्द एकाच घरात, एकाच आजाऱ्याबद्दल, माणूस बघून वापरले जातात. डॉक्टरसमोर टेन्शन, देवळात बाहेरचं, भांडणात येडा. यातला एक निवडून टिक करायला सांगितलं की आपण त्या माणसाचा दृष्टिकोन मोजत नाही, आपल्या समोर कोणता शब्द काढणं त्याला सोयीचं वाटलं ते मोजतो.

तीन, नैराश्याच्या गोष्टीत आरोग्य सेविकांनी अंतर कमी ठेवलं. हे प्रशिक्षणामुळे, की मुळातच माणसांत मिसळणारी बाई सेविका होते म्हणून? एकदाच केलेल्या सर्व्हेतून हे सुटत नाही. आणि हाच मुद्दा ‘बदल’ या शब्दाला लागू आहे. एका वेळी केलेलं मोजमाप बदल दाखवत नाही. बदल म्हणायला त्याच प्रश्नांनी, तशाच लोकांमध्ये, दुसऱ्यांदा मोजावं लागतं.

जाता जाता एक: निमहान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्यं होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता. ते आकडे देशाचा अंदाज म्हणून द्या, ‘महाराष्ट्रातील प्रमाण’ म्हणून देऊ नका.

चारही कागदांत नसलेली बाई

पोथीत कोण येतं? संत ठरलेला. डाँकिन यांच्या यादीत? मस्त ठरलेला. इस्पितळाच्या रजिस्टरात? ज्याच्यासाठी कुणी अर्ज केला किंवा पोलिसाने नेला तो. सर्व्हेत? ज्याला घर आहे आणि जो दारात उभा राहून प्रश्नांची उत्तरं देऊ शकतो तो.

आता नगरपासून जवळ शिंगवे नाईकला चला. डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माऊली सेवा प्रतिष्ठान तिथे रस्त्यावर सापडलेल्या, बेघर, मनोरुग्ण बायकांना सांभाळतं, आणि त्यांच्या मुलांनाही. यांतल्या कित्येक जणींवर रस्त्यावर बलात्कार झालेत. काही जणी पोटात मूल घेऊन तिथे पोहोचल्या.

या बायका वरच्या चारपैकी कोणत्या कागदात सापडतील? पोथीत नाहीत. ‘वेफेअरर्स’मधले मस्त बहुतेक पुरुष आहेत. (मेहेरबाबांच्या स्वतःच्या गुरूंपैकी पुण्याच्या हजरत बाबाजान या स्त्री होत्या, त्यामुळे ‘स्त्री कधीच नाही’ असं म्हणता येणार नाही. पण त्या अपवाद.) रस्त्यावर बेभान फिरणारा पुरुष ‘कदाचित अवलिया असेल’ या शंकेचा फायदा घेऊ शकतो. तशीच फिरणारी बाई या फायद्याला सहसा मुकते. इस्पितळात ती नाही, कारण तिच्यासाठी अर्ज करणारं कुणी उरलेलं नाही. आणि सर्व्हेच्या सॅम्पलमध्ये ती असूच शकत नाही, कारण सॅम्पल गावात राहणाऱ्यांचं काढलं जातं आणि तिला गावाबाहेर काढून झालेलं आहे. शेजारी राहू द्याल का, या प्रश्नाला ज्यांनी प्रत्यक्ष कृतीतून ‘नाही’ म्हटलं, त्यांतले काही जण सर्व्हेत सौजन्याने ‘हो’ म्हणून गेले असतील.

मानववंशशास्त्रज्ञ विएडा स्कुल्टान्स यांनी १९८० च्या दशकात महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात अभ्यास केला. आजारी मुलाला, नवऱ्याला घेऊन बायका तिथे येऊन राहत आणि त्याचा आजार आपल्या अंगावर यावा म्हणून प्रार्थना करत. त्यांच्याच अंगात येई. बाई आजारी पडली तर मात्र तिच्यासाठी असं कुणी येऊन राहत नसे. आता शिर्डीच्या बायजाबाई आठवा. सांभाळ करणारी बाई सगळीकडे आहे. तिला सांभाळणारं कोण, याची नोंद कुठेच नाही.

याचा अर्थ देवळं-दर्गे वाईट आणि दवाखाने चांगले, असाही काढू नका. भार्गवी दावर यांनी महाराष्ट्रातल्या दर्ग्यांवर काम करताना नेमकी हीच घाई टाळायला सांगितलंय: साखळी ही हिंसा आहे, पण अशा प्रत्येक जागेला हिंसा ठरवलं तर जिथे माणसाला आधार मिळतो ती जागाही आपण बंद करू. आणि दवाखाना आहे म्हणून परत नेणारं घर असेलच असं नाही. रायगडमधल्या कर्जतला (नगरचं कर्जत नव्हे) डॉ. भरत वाटवानी यांचं श्रद्धा फाउंडेशन रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतं; २०१८ चं मॅगसेसे त्यांना याच कामासाठी मिळालं. पोहोचवणं हे वेगळं काम आहे, उपचारापेक्षा कमी अवघड नाही, हे त्यावरून कळावं.

मग लिहायचं काय?

‘दृष्टिकोन बदलला’ असं म्हटलं की उपाय आपोआप ठरतो: जनजागृती. पोस्टर, पथनाट्य, १० ऑक्टोबरला रॅली. लोकांना माहिती नाही, ती द्या, झालं. पण जामखेडच्या लोकांचं म्हणणं खरं धरलं, तर गरिबी आणि घरातले ताण यांना पोस्टर पुरणार नाही. आणि शिंगवे नाईकच्या बायकांच्या बाबतीत घरच्यांना माहिती नव्हती असं समजणं म्हणजे त्यांना फार स्वस्तात सोडणं. म्हणून ते एक वाक्य मला खटकतं. ते प्रबंधाच्या शेवटच्या प्रकरणातल्या शिफारशी पहिल्याच पानावर ठरवून टाकतं.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये ते असेल तर खोडू नका, त्याच्याखाली चार ओळी लिहा. हा बदल मी कोणत्या कागदांवरून म्हणतोय? तो कागद कोणी, कुणासाठी लिहिला? त्यात नोंद होण्यासाठी माणसाला कुणाचा दाखला लागत होता? आणि ज्याला तो मिळाला नाही, त्याच्यापर्यंत मी कसा पोहोचणार आहे?

चौथ्या ओळीला उत्तर सापडलं तर तीच तुमची संशोधन पद्धती. नाही सापडलं तर विषयाच्या शीर्षकातून ‘समाजाचा’ हा शब्द काढून ‘जामखेड तालुक्यातील घरांमध्ये राहणाऱ्या प्रौढांचा’ असं लिहा. शीर्षक लांबेल, कमिटीत एखादा सदस्य नाक मुरडेल. पण व्हायव्हाला ‘समाज म्हणजे कोण?’ असं कुणी विचारलं, तर उत्तर मुखपृष्ठावरच असेल.